अठरावा धंदा

आमच्या वरवट बकालात शहाण्या माणसांचा तुटवडा कधीच पडला नाही. सकाळी साडेसातला बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर उभं राहा. सोयाबीन कोणत्या आठवड्यात विकायला हवं होतं, बोअर कुठं घ्यायला नको होता, कोणाच्या पोरीची सोयरीक कुठं चुकली, हे नेमकं सांगणारी नऊ-दहा माणसं तिथं हमखास भेटतात. सगळं घडून गेल्यावर सांगतात, पण हा काही त्यांचा दोष नाही. आधी त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

गावाच्या नावात 'बकाल' आहे म्हणून पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आमची कीव करतात. करोत बापडे. मूळ अरबीत बक्काल म्हणजे किराणा-भुसार विकणारा वाणी, आणि गावाच्या नावाचा अर्थ मी तरी तसाच लावतो. ज्या गावाच्या नावातच तराजू लटकतो, तिथं हिशेब न कळणारं माणूस जन्मणं कठीणच. मी स्वतः ३१ वर्षं एका सोसायटीचं दप्तर लिहिलं. इतक्या वर्षांत कर्ज बुडवणारे पुष्कळ पाहिले, पण हिशेब चुकलेला एकही पाहिला नाही. सगळ्यांचा हिशेब बरोबर होता. पैसे तेवढे नव्हते.

अशा गावात, आमच्याच घराण्यात, दीड वर्षापूर्वी अस्सल मूर्खपणाचा गृहप्रवेश झाला. माप ओलांडून झाला. तो ओळखायला बाकीच्यांना सहा महिने लागले. मी रुखवत पाहूनच ओळखला होता.

नवरदेव माझा पुतण्या, म्हणजे चुलतभावाचा मुलगा. नवरी अकोल्याकडची, डी.एड. झालेली. डी.एड. झालेल्या मुलीजवळ वेळ भरपूर असतो, कारण शिक्षकभरती निघेपर्यंत तिला थांबायचं असतं. त्या थांबण्याच्या काळात तिनं स्वतःचं रुखवत स्वतःच्या हातानं केलं. रुखवत ही आपल्या समाजानं मूर्खपणाला दिलेली अधिकृत जागा आहे असं माझं जुनं मत आहे. लग्नाच्या मांडवात एक टेबल असं असतं, की तिथल्या कोणत्याही वस्तूचा पुढच्या आयुष्यात काडीचाही उपयोग नसतो आणि तरी कोणी 'हे काहून?' असं विचारत नाही. तिच्या टेबलावर शेला पांघरलेल्या नारळांचे नवरा-नवरी होते, सुपाऱ्यांचे भटजी होते, आइस्क्रीमच्या काड्यांचा दुमजली बंगला होता. एक बैलगाडी होती आणि तिच्यात खरा कापूस भरलेला होता. त्या वर्षी कापसाकडं पाहून लोक खूश झाले असतील तर त्या एका गाडीकडं पाहून. पण मी खिळून उभा राहिलो तो विहिरीसमोर. थर्माकोलची विहीर, तिला रहाट, आत निळी चमकी ओतून केलेलं पाणी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात हयात काढलेल्या माणसाला गोड्या पाण्यानं काठोकाठ भरलेली विहीर प्रथमच दिसत होती. मी क्षणभर चष्मा पुसला.

लग्न संपल्यावर शहाण्या घरात रुखवताचं जे होतं ते माळ्यावर जाऊन होतं. या दोघांनी ते भाड्यानं द्यायला काढलं. हा धंदा क्रमांक एक. एकाच बंगल्यात सात जोडप्यांचा संसार थाटून झाला. पाटीवरची नावं दर लग्नाला स्टिकर लावून बदलायची. चौथ्या लग्नात स्टिकर सुटला आणि नवरदेवाच्या नावाखालून तिसऱ्या लग्नातल्या नवरदेवाचं नाव डोकावलं. व्याही मंडळींनी चौकशी सुरू केली, ती थोडी गंभीर होऊ लागली होती. सूनबाईंनी पाटी उचलली, पदराखाली धरली आणि म्हणाल्या, "हे डिझाइन आहे, काकू." पाचव्या लग्नापासून फेव्हिक्विक वापरलं. त्यामुळं सहाव्या लग्नात पाचवं नाव निघेना.

पुतण्याच्या नोकरीचं विचाराल तर ती एक नाही, ऋतुमानाप्रमाणं आहे. जून-जुलैत तो ऑनलाइनच्या दुकानात बसून लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरतो. दिवाळीनंतर लग्नाचे व्हिडिओ काढतो. मधल्या काळात वाढदिवसांचे फ्लेक्स करतो. एका फ्लेक्सवर भावी सरपंच म्हणून कोणाचा फोटो टाकायचा आणि खाली शुभेच्छुकांत किती डोकी बसवायची, हे गणित त्याच्याइतकं तालुक्यात कोणाला येत नाही. एकावर त्यानं ६४ शुभेच्छुक बसवले; उत्सवमूर्तीला जागा राहिली नाही. पैसे मात्र ६४ जणांकडून वसूल करायचे होते, तेव्हा ते अजून येणे आहेत.

या सगळ्यातून दोघांना संध्याकाळी दोन-तीन तास मोकळे मिळतात. शहाणं जोडपं अशा वेळी भांडतं. हे धंदा काढतात.

धंदा क्रमांक पाच साबणाचा. हातानं केलेला, कडुनिंबाचा, हळदीचा, मसुराच्या पिठाचा. खोबरेल तेल आणलं, कॉस्टिक सोडा आणला, जारचं पाणी विकत आणलं. वड्या पाडून सहा आठवडे सावलीत ठेवल्या, कारण तसं केलं नाही तर साबण अंगाला झोंबतो. कागदात गुंडाळून वर सुतळी बांधली. वस्तू देखणी झाली यात शंका नाही. फक्त एक बारीक गोष्ट राहून गेली. आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरलेला आहे. इथलं भूगर्भातलं पाणी चहा नासवतं, डाळ शिजू देत नाही, माठावर पांढरी पुटं चढवतं आणि माणसाच्या मूत्रपिंडाचाही हिशेब करतं. या पाण्यात साबणाचा फेस होत नाही. साबण फाटतो, बादलीवर दह्यासारखा तरंगतो. वान धरणावरून १४० गावांची नळयोजना आली तेव्हा साबणाला चांगले दिवस आले, पण नळ काही आंघोळीच्या मुहूर्ताला येत नाही. अशा ठिकाणी, जिथं साबण हा शब्दच उपरोध आहे, तिथं साबणाचा कारखाना काढायला केवढं धाडस लागतं! सहारात छत्र्या विकणाराही दोनदा विचार करील.

पहिल्या वड्या गल्लीत गेल्या. आठ दिवसांत एक मावशी वडी परत घेऊन आल्या.

"सूनबाई, फेस काहून येत नाही याले?"

"मावशी, फेस येते ते केमिकलचे साबण. हा नैसर्गिक हाये."

मावशींनी वडीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं आणि आणखी दोन नेल्या. त्यांच्या कपाटात त्या अजून आहेत. कपड्यांना वास छान येतो म्हणतात.

धंदा क्रमांक सहा मेणबत्त्यांचा, आणि त्याचा शुभारंभ मे महिन्यात. वऱ्हाडातला मे म्हणजे सावलीत ४४-४५ अंश. या दोघांची खोली टिनाची. मेण वितळायला गॅस पेटवण्याची गरज पडली नाही, हा झाला त्यातला फायदा. तोटा इतकाच, की एकदा वितळलेलं मेण पुन्हा घट्ट व्हायला तयार होईना. शेवटी ओल्या पोत्याखाली मडक्यात ठेवून दोन डझन मेणबत्त्या उभ्या केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मी गेलो तेव्हा चोवीसच्या चोवीस कमरेत वाकून माझ्यापुढं उभ्या होत्या. आयुष्यात इतका मान मला कोणी दिला नाही, सोसायटीच्या निरोप समारंभातसुद्धा नाही. पुतण्या त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, हे मुद्दाम करायला गेलो असतो तर जमलं नसतं." हे वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच योजनांच्या संदर्भात वापरतो.

मधले धंदे मी भरभर सांगतो, कारण तेही भरभरच झाले. कागदी पिशव्या. क्विलिंगचे कानातले, जे पहिल्या पावसात विरघळले. फॉल-पिको. आरी वर्क. शेवग्याच्या पानांची पावडर. तेलाशिवाय कचोरी, हा कचोरीच्या शेगावपासून इतक्या जवळ राहून केलेला धर्मद्रोह म्हणावा लागेल. पण गावानं तो उदारपणे माफ केला, कारण कोणी खाल्लीच नाही.

या घरात सकाळी चुलीशी जाणं म्हणजे भेंडवळला जाणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. तिथं अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात १८ धान्यांचा घट मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, करंजी, वडा, भजं. रात्री तिथं कोणी थांबत नाही. पहाटे जाऊन कोणतं धान्य कुठं सरकलं ते बघतात, आणि त्यावरून पाऊस, पिकं, भाव, राजकारण असं वर्षाचं भाकीत सांगतात. आमच्या वहिनी, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई, हे भाकीत रोज सांगतात. रात्री ही दोघं ओट्यावर काय काय मांडून झोपतात: डिंकाची वाटी, मण्यांची ताटली, रंगाचे थेंब, अर्धा शिवलेला बटवा. पहाटे वहिनी पदर खोचून उभ्या राहतात, नीट निरखतात. मला हाक मारतात.

"भाऊजी, डिंक मुगाच्या डब्याकडं सरकला."

"म्हणजे?"

"म्हणजे आज हे दोघं शेगावले जाते."

आणि जातात. वहिनींचं भाकीत अजून चुकलेलं नाही. हवामान खात्यानं विचार करावा.

शेगावला का जातात, ते मला वहीवरून कळलं. वही हे या घरातलं सर्वांत मौल्यवान दप्तर आहे आणि मला दाखवताना सूनबाई किंचित लाजल्या होत्या. डाव्या पानावर जमा, उजव्यावर खर्च. उजवं पान असं: मेण ३४०, वात ६०, साचे (घरच्या वाट्या) ०, कचोरी शेगाव (चर्चा) ४०. खाली साबण. खोबरेल, सोडा, जार, कचोरी शेगाव (चर्चा) ४०. प्रत्येक धंद्याच्या आरंभी आणि प्रत्येक धंद्याच्या अखेरीस ही नोंद येते. मी सवयीनं बेरीज मारली. कच्च्या मालाखालोखाल सर्वांत मोठं खर्चाचं शीर्ष 'चर्चा' हेच निघालं. आमच्या सोसायटीतही चर्चा पुष्कळ व्हायची, खाणंही व्हायचं, पण असं सरळ नाव देऊन खर्ची टाकण्याची हिंमत आम्हाला झाली नाही. आम्ही 'किरकोळ' लिहायचो. डाव्या पानावर जमा फारशी नव्हती, तेव्हा जागा वाया जाऊ नये म्हणून सूनबाईंनी तिथं मोर काढले होते. मोर चांगले होते. ताळेबंदाला तोल आला होता.

आता शहाण्यांची बाजू ऐकली पाहिजे. टपरीवर या जोडप्याविषयी एकमत आहे: "पैसा बुडवून राह्यले बाप्पा." हिशेबाचा माणूस म्हणून मी हा आरोप तपासून पाहिला. सतरा धंद्यांत मिळून या दोघांनी दीड वर्षात बुडवलेली रक्कम माझ्या बेरजेप्रमाणं ११,२७० रुपये येते, कचोऱ्यांसह. ज्या थोर गृहस्थांनी हा आरोप प्रथम केला, त्यांनी गेल्या वर्षी बोअर घेतला. आधी नारळ तळहातावर उभा करून पाणी बघणारा आणला. नारळ जिथं फिरला तिथं मशीन लावलं. पाणी लागलं, भरपूर लागलं, आणि ते म्हशीनं तोंड लावून सोडून दिलं. खर्च दीड लाखाच्या वर. पण तो रीतसर खर्च, त्याला गुंतवणूक म्हणतात. दुसऱ्यांनी २०२४-२५ चा सोयाबीनचा ४,८९२ रुपये हमीभाव ऐकून माल घरात दाबून ठेवला, आणि तो आकडा पाटीवर पाहत पाहत निम्म्या हंगामानंतर कमी भावात विकला. यालाही बुडवणं म्हणत नाहीत. याला 'बाजार पडला' म्हणतात. आणि स्वतः हे लग्न! मांडव, घोडा, डीजे, हजार पानं. त्यासाठी माझ्या भावानं घेतलेलं कर्ज अजून दोन हंगाम फिटणार नाही. त्या रात्री डीजेवर किती गेले हे विचारणारा एकही शहाणा मला भेटला नाही. मेणाचे ३४० मात्र सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

मी हे शहाण्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. मोठी रक्कम बुडवायला पत लागते, सातबारा लागतो, जामीनदार लागतात. ज्यांच्याकडं यातलं काही नसतं, त्यांनी हातातल्या वाट्यांमध्ये मेण ओतूनच सुरुवात करावी लागते. पुढं वयोमानानं तीही बोअर घेतील, अशी मला आशा आहे.

मूर्खपणाची आमच्या भागाला परंपरा नाही, असंही कोणी समजू नये. मराठीत विनोदी लेखाचा पाया घालणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव जामोदला वकिली करत होते. चांगली वकिली सोडून माणूस सुदामा, बंडूनाना नि पांडूतात्या यांच्या उचापती लिहीत बसला! त्यांचं पुस्तक १९१० साली निघालं, 'सुदाम्याचे पोहे' म्हणून. त्याचं दुसरं नाव 'अठरा धान्यांचे कडबोळे'. अशिलांनी तेव्हाही टपरीवर मान हलवली असणार. आणि आमच्या भागाबाहेर पाहायचं, तर कवी रेव्हरंड टिळकांचं काय सांगावं. लक्ष्मीबाईंशी लग्न झालं १८८० च्या सुमारास. मग कधी शिकवणं, कधी कीर्तन, कधी संपादकी, आणि या सगळ्यावर सतत कविता. त्या संसाराचा ताळेबंद लक्ष्मीबाईंनी पुढं 'स्मृतिचित्रे' म्हणून १९३४ पासून छापला. त्यांच्या वहीतही डावं पान रिकामं होतं, पण त्या मोर काढत बसल्या नाहीत. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं मोजून दिली, पुढं पढतमूर्खांचा स्वतंत्र समास केला, पण नवविवाहितांचा समास राहिला. त्याला कारण आहे. परंपरा सांगते की ते स्वतः बोहल्यावरून 'सावधान' ऐकताच निघून गेले. माहिती अपुरी असताना लिहायचं नाही, हा लेखकाचा प्रामाणिकपणा मी मानतो.

सरकारलाही या दोघांची दखल घ्यावी लागली असती, पण थोडक्यात हुकलं. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. पारंपरिक धंदे १८, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. यादीत शिंपी आहे, हार करणारा आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे. दोघं यादी घेऊन रात्री बसली. अट अशी, की घरातल्या एकानंच अर्ज करायचा आणि आपला धंदा सांगायचा. एक धंदा! गावभराचे फॉर्म बिनचूक भरणारा माझा पुतण्या त्या रकान्यावर अडला. शिंपी लिहावं तर मेणबत्तीला वाईट वाटेल. पहाटे दोनपर्यंत चर्चा झाली, दुसऱ्या दिवशी शेगावला झाली. वहीत ४० रुपये पडले आणि अर्ज राहिला.

तर सतरा झाले होते. गल्लीचं लक्ष अठराव्याकडं लागलं होतं. भेंडवळची धान्यं अठरा, योजनेतले धंदे अठरा, आमच्या घराण्याचं दारिद्र्यही अठराविश्वेच. वहिनींच्या मते अठराव्यानंतर हे थांबतील.

श्रावणात दोघं माझ्या दारात आली. सूनबाई पुढं, पुतण्या मागं.

"काकाजी, तुमच्या गोठ्यातली तिफण कामाची हाये का?"

ती तिफण माझ्या वडिलांची. ट्रॅक्टरनं पेरणी सुरू झाल्यापासून ती आढ्याला टांगलेली आहे. तिचा मला कवडीचा उपयोग नाही, पण ती कोणाला द्यावी असं मला कधी वाटलं नव्हतं. मी नाही म्हणालो. वडिलोपार्जित वस्तूविषयी दोन शब्दही बोललो, ते बरे झाले असावेत, कारण दोघं गप्प उभी राहिली. "दिवा करायचा होता," एवढंच सूनबाई म्हणाल्या. तीन नळ्यांतून वायर खाली न्यायची, तिन्ही फणांजवळ एकेक बल्ब, आणि बटण चाड्यात. म्हणजे जिथून बी सोडायचं तिथून उजेड सोडायचा. मी म्हणालो, असले थेर माझ्या बापाच्या अवजारावर चालायचे नाहीत.

दोन दिवस मी पक्का होतो. तिसऱ्या दिवशी शिडी मीच लावली. त्यांना गाठ सुटत नव्हती.

दिवा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या ओसरीत टांगला. लाकूड घासून तेल लावल्यावर त्याच्यावर वडिलांच्या हाताची झीज दिसायला लागली, ती मला आधी कधी दिसली नव्हती. टपरीवरचे शहाणे एकेक करत आले, कारण फुकट बघायला मिळत होतं. बोअरवाले गृहस्थ खुर्ची घेऊन बसले. सूनबाईंनी चाड्यात बोट घातलं, बटण दाबलं, आणि नेमकी लाईट गेली. माझ्या ओसरीतलीच नव्हे, गावाचीच गेली.

मंडळींनी मोबाइलचे उजेड पाडून दिवा पाहिला. कोणी म्हणालं मस्त झाला, कोणी म्हणालं वजन जास्त हाये. तेवढ्यात पुतण्या घरातून खोकं घेऊन आला, आणि गेल्या उन्हाळ्यातल्या त्या चोवीस वाकलेल्या मेणबत्त्या एकेक करून ओसरीच्या कडेला पेटल्या. सरळ मेणबत्तीचं मेण खाली ओघळून तिचं तिलाच लागतं. वाकडीचं बाजूला टपटप पडतं आणि ती जास्त वेळ जळते असं बोअरवाले म्हणू लागले. तासाभरानं जाताना त्यांनी विचारलं, "पोट्ट्या, कितीले एक?"

वही आणली गेली. डाव्या पानावर दोन मोरांच्या मध्ये थोडी जागा होती, तिथं सूनबाईंनी त्यांचं नाव लिहिलं: मेणबत्त्या ४, उधार. त्याच्याखाली माझं. माझ्या फक्त दोन आहेत.